तो सीन नको का म्हणालीस?

अगं 'साईड रोलवाली', न्यू जर्सी,

तुझं पत्र वाचलं. निम्म्याहून जास्त पत्र त्या हिरॉईनवरच खर्च झालंय, म्हणजे तुमच्या हौशी ग्रुपमध्ये मेन रोल तिलाच कसा मिळाला, तिला डायलॉग पाठ होत नाहीत, ती डिरेक्टरच्या बायकोची मैत्रीण आहे वगैरे वगैरे, ते मी भराभर वाचून सोडून दिलं. दुसरं दुःख असं की तू ४७ वर्षांची, तुझ्या वाट्याला घरमालकिणीचा एकच सीन, आणि त्यात ग्रुपमधले एक अमेरिकन आजोबा तुला 'आमची थेल्मा रिटर' म्हणाले. घरी येऊन तू नाव शोधलंस तर काय, हॉलिवूडची जुनी नटी, सहा वेळा ऑस्करचं नॉमिनेशन आणि एकदाही बक्षीस नाही, जन्मभर नर्स नाहीतर मोलकरीण नाहीतर कुणाची तरी आई. "ताई, हा अपमानच झाला ना?"

अपमानाचं नंतर बघू. नवऱ्याचे टोमणे आणि तुझी गुडघेदुखी यांच्या मधे एक वाक्य आहे, ते तू लिहून पुढेही गेलीस. "रिहर्सलला सगळे खूप हसले म्हणून डिरेक्टर म्हणाला दुसऱ्या अंकात तुझा अजून एक सीन टाकू का, मी म्हटलं नको, आहे तेवढं पुरे."

नको म्हणालीस? आणि वर मलाच विचारतेस की रोल एवढुसा का?

आता ज्या बाईच्या नावाने तुला एवढं लागलं तिचं ऐक. ब्रुकलिनची ही, जन्म १९०२चा. नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलं, कंपन्यांमधून कामं केली, मग लग्न, दोन मुलं, नवरा जाहिरात क्षेत्रातला, मधे बराच काळ घरच सांभाळलं, मग रेडिओ. सिनेमात आली ती १९४७ला 'मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट'मध्ये, म्हणजे वय ४५, तुझ्यापेक्षा दोनच वर्षं लहान. आणि रोल काय, तर ख्रिसमसच्या गर्दीत मेसीज दुकानात पोराला घेऊन आलेली, पाय दुखून वैतागलेली एक आई, पोराला खेळण्यातला बंब हवाय आणि तो कुठेच मिळत नाहीये. पडद्यावरच्या नामावलीत नावसुद्धा नाही! पण स्टुडिओचा निर्मितीप्रमुख झॅनकने ते काम पाहिलं आणि हिचा रोल वाढवा म्हणून हुकूम सोडला. तेव्हा थेल्मा जर तुझ्यासारखी 'आहे तेवढं पुरे' म्हणाली असती ना, तर त्या आजोबांना तुला दुसरंच काहीतरी म्हणावं लागलं असतं.

आणि मोलकरीण म्हणून नाक मुरडतेस, तर 'ऑल अबाउट ईव्ह' लाव. ईव्ह आपली करुण कहाणी सांगते, खोलीतले सगळे शहाणेसुरते लोक, खुद्द हिरॉईन बेटी डेव्हिससकट, हळवे होतात, आणि मेकअपरूम सांभाळणारी बर्डी, म्हणजे आपली थेल्मा, एक असा टोला हाणते की पुढे दोन तास जे उघड होणार आहे त्याचा वास तिला आधीच लागलाय हे कळतं. सिनेमाच्या मधेच ती गायब होते (मला याचा अजून राग आहे). 'रिअर विंडो'मध्ये हिरो जेम्स स्टुअर्ट बिचारा नाश्ता करतोय आणि नर्स झालेली ही बाई समोरच्या फ्लॅटवाल्याने बायकोचे तुकडे नक्की कुठे केले असतील यावर विचार करतेय, बाथटबमध्येच असणार, रक्त धुवायला तीच जागा सोयीची, आणि हे सगळं भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. त्या रोलला तर नॉमिनेशनही नव्हतं गं.

पण तू बघायचास तो १९५३चा 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट'. थेल्मा त्यात मो नावाची म्हातारी, टाय विकते आणि पोलिसांना खबरा पुरवते, पैसे साठवतेय कशाला तर स्वतःच्या दफनाला, बेवारशांच्या जागेत पुरू नये म्हणून. रात्री थकून खोलीवर येते, रेकॉर्ड लावते, पलंगावर पडते, समोर पिस्तूलवाला. त्याला एक पत्ता हवाय. ती देत नाही. मी दमलेय, उडव माझं डोकं, असं काहीसं बोलते, ना ओरडणं ना रडणं, आणि गोळीचा फक्त आवाज येतो. त्या सिनेमाची हिरॉईन कोण होती ते मला शोधून सांगावं लागेल, मो मात्र कधीच विसरले नाही.

आणि हो, तुझ्या त्या हिरॉईनसाठी एक गंमत. १९५८ला ब्रॉडवेवरच्या 'न्यू गर्ल इन टाउन'साठी म्युझिकलमधल्या बेस्ट ॲक्ट्रेसचा टोनी, म्हणजे नाटकवाल्यांचं ऑस्करच, दोघींना विभागून दिला, एक नाटकाची हिरॉईन ग्वेन व्हर्डन, दुसरी त्याच नाटकातली थेल्मा.

त्या आजोबांनी तुला शिवी नाही दिली, त्यांना अभिनय कळतो. तुला रोल छोटा मिळाल्याचं दुःख नाहीये, तुला मोठ्या रोलची भीती वाटते, कारण छोट्या रोलमध्ये हसले तर कौतुक आणि नाही हसले तर 'एकच तर सीन होता' म्हणता येतं. हिरॉईनचा रोल तुला मिळाला असता तर त्यालाही काहीतरी कारण काढलंच असतंस. कडू लागलं तर लागू दे.

आता हे वाचून झालं की डिरेक्टरला फोन कर, मेसेज नाही, फोन. म्हण, तो दुसऱ्या अंकातला सीन मला हवाय, कधी लिहून देताय? तो म्हणाला आता उशीर झाला तर म्हण मीच लिहून आणते, घरमालकीण भाडं मागायला परत येऊ शकतेच की, तिचंच घर आहे. आणि टोमणे मारणाऱ्या नवऱ्याला फुकट पास देऊ नकोस, पहिल्या रांगेचं तिकीट विकत घ्यायला लाव.

– ताई