घाई कुणाला आहे?

चि. भाचेबुवांस,

मामाचे अनेक आशीर्वाद.

रात्री दीड वाजता टाकलेला तुझा मेसेज सकाळी चहा पिताना पाहिला. फायनल फँटसी टेन, माझा लाडका व्हिडिओ गेम, तू चार तासांत मिहेनच्या रस्त्यापर्यंत आणलास, पण 'काही वाटतच नाहीये'. मी मनात म्हटलं, चार तासांत मिहेन? मला पहिल्यांदा दहाएक तास लागले होते. मग खालची ओळ वाचली. स्पीड चौपट, लढाया ऑटोवर, कटसीन, म्हणजे गोष्ट सांगणारी मधली दृश्यं, जमेल तिथे स्किप. अरे बाबा, मग वाटणार काय? अख्खी थाळी मिक्सरमधून फिरवायची, ग्लासातून प्यायची आणि वर विचारायचं की मामा, आमटीला चव का नाही.

व्हॉट्सॲपवर उत्तर द्यायला बसलो होतो, पण चौथ्या मेसेजलाच मामी म्हणाली, पोराला नीट पत्र लिहा. म्हणून हा ईमेल.

हा गेम २००१ साली प्लेस्टेशन २ वर आला, तुझ्या जन्माच्याही आधी. तुझ्या लॅपटॉपवर आहे ती पीसीची २०१६ सालची आवृत्ती. वेग वाढवायचं बटण, ऑटो, वाटेतल्या लढाया बंद करायची सोय, सगळं त्यात नंतर घातलेलं आहे. ज्यांनी गेम पाच वेळा संपवलाय आणि सहाव्यांदा फक्त उरलेलं गोळा करायचंय, त्यांच्यासाठी ते ठीक. तू आधी ते सगळं बंद कर. आणि शक्य असेल तर पहिल्यापासून सुरू कर. चार तासच गेलेत, दोन पिक्चर बघितले समज.

आता लढाईबद्दल. तुझी तक्रार अशी की एकदा तो मारतो, एकदा आपण मारतो, यात काय मजा. उजवीकडे वर चेहऱ्यांची एक उभी रांग असते, ती तू नीट पाहिलीच नाहीस असं मला वाटतं. ऑटोवर कोण बघणार म्हणा. पुढच्या टर्न कुणाकुणाच्या, ते ती रांग सांगते. या मालिकेतल्या आधीच्या बऱ्याच गेममध्ये तू मेनू चाळत असतानाच राक्षस येऊन मारून जायचा, कारण घड्याळ चालूच. टेनमध्ये ते घड्याळच काढून टाकलं. तुझी टर्न आली की सगळं जग थांबतं. उठून पाणी पिऊन ये, मेसच्या रांगेत उभा राहून विचार कर, कुणी काही म्हणणार नाही.

एक गंमत करून बघ. टीडसची, म्हणजे आपल्या हिरोची, टर्न आली की कमांडवर नुसता थांब, बटण दाबू नकोस. 'अटॅक'वर थांबलास की रांग एक दिसेल, 'हेस्ट' या वेग वाढवणाऱ्या जादूवर गेलास की वेगळी. कोण पुढे सरकतंय, कोण मागे पडतंय, आधीच दिसतं. राक्षसावर त्याच्या उलट 'स्लो' टाकला की त्याचा चेहरा रेशनच्या रांगेतल्या म्हाताऱ्यासारखा मागे मागे जातो आणि तुझी माणसं त्याच्या पुढे घुसतात. कधी कधी आपलाच एक चेहरा लागोपाठ दोनदा आणता येतो. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी एकटाच खोलीत टाळी वाजवली होती. जोर किती आहे यापेक्षा रांगेत कोण कुठे उभं आहे यावर लढाई ठरते, आणि ते ऑटोला कळत नाही. ऑटो म्हणजे समोर दिसेल त्याला धोपटणं.

दुसरं, टोळीतल्या सात जणांपैकी तीनच जणांना घेऊन फिरू नकोस. ही चूक सगळे करतात, मीही केली. मैदानात तिघेच असतात, पण टर्न आली की कुणालाही बाहेर काढून दुसऱ्याला आणता येतं, आणि त्याला फुकट जाणारी टर्न मोजावी लागत नाही. उडणारं काही आलं की वाका आणि त्याचा चेंडू. पळपुटे लांडगे टीडसने मारावेत. कवचवाल्या प्राण्याचं कवच ऑरॉनच्या तलवारीने फुटतं. त्या जेलीसारख्या लिबलिबीत गोळ्यांवर तलवार चालवलीस तर हसं होईल, तिथे लुलूची जादू लागते, आणि तीही उलटी. म्हणजे पाण्याच्या गोळ्याला वीज, आगीच्याला बर्फ. पुढे रिक्कू आली की तिला यंत्रांपुढे उभी कर. नुसती चोरी करते आणि यंत्र खळ्ळकन सुटं होऊन पडतं.

आणि ऐक, लढाईत ज्याने किमान एक तरी कृती केली त्यालाच एपी, म्हणजे ताकद वाढवणारे गुण, मिळतात. बाकावर बसून राहिलेल्याला शून्य. म्हणून सोप्या लढाईतसुद्धा सातही जणांना एकेकदा आणायचं, निदान एकेक 'डिफेंड' करून पाठवायचं. कंटाळवाणं वाटेल, पण पुढे तीस तासांनी किमारी नुसता निळा शोभेचा पुतळा होऊन बसला की मामाला शिव्या देशील.

स्फिअर ग्रिड, म्हणजे तो सोंगट्या सरकवायचा भलामोठा पट, त्याला घाबरू नकोस. सुरुवातीला 'स्टँडर्ड' आणि 'एक्स्पर्ट' असं विचारतो, स्टँडर्ड घे. त्यात प्रत्येकाची वाट जवळजवळ आखलेलीच आहे. नेटवर पाहून पट भरायला लागलास तर तो हिशेबनिसाचा धंदा होतो, आणि ते मी दिवसभर बँकेत करतोच.

तू लिहिलंयस की मिहेनच्या रस्त्यावर त्या चोकोबो, म्हणजे बसून फिरायचे ते मोठे पक्षी, खाणाऱ्या राक्षसाने पार्टीला कड्यावरून ढकललं म्हणून तू रीलोड केलंस. का? ढकललं तर ढकललं! खाली जुना रस्ता आहे, गोष्ट तिथून चालू राहते. जिंकलास तर चोकोबोवर बसून फुकट फेरफटका, हरलास तर दुसरी वाट. लुका शहरातल्या ब्लिट्झबॉलच्या, म्हणजे त्या पाण्याखालच्या चेंडूच्या खेळाच्या, सामन्याचंही तेच. तो पहिला सामना जिंकणं महाकठीण, आणि हरलास तरी पुढे सगळं सुरळीत होतं. मी हरलो होतो. सलग तीनदा रीलोड करून तिन्ही वेळा हरलो होतो, खोटं कशाला बोलू.

आता गोष्टीकडे येतो, कारण माझं खरं भांडण तुझ्याशी तिथेच आहे.

किलिका आठवतंय का? बेटावरचं लाकडी गाव, सिन नावाच्या अजस्र राक्षसाने उद्ध्वस्त केलेलं. तिथे संध्याकाळी युना, जिच्या यात्रेची ही गोष्ट आहे ती मुलगी, पाण्यावर नाचते. तू स्किप केलंस, बरोबर? ते दृश्य तेवढ्यासाठी मागे जाऊन बघ. ती पाण्यावरून चालत मध्ये जाते, काठी फिरवत नाचायला लागते, आणि पाण्याखाली त्या गावातली मेलेली माणसं ठेवलेली असतात. तिच्या पायाखालचं पाणी तिला उचलत वर येतं, मृतांमधून प्रकाशाचे ठिपके निघून आकाशात जातात. काठावर माणसं रडतायत. स्पिरामध्ये, म्हणजे या गेमच्या जगात, मेलेल्याला असं कुणी वाटेला लावलं नाही तर त्याचा राक्षस होतो. म्हणजे तू गेले चार तास ऑटोवर ठेवून जे धोपटत होतास ते काय होतं, हे तिथे कळतं. मला कळलं तेव्हा पुढच्या दोन-तीन लढाया करताना हात जरा जड झाला होता.

आणि त्या नाचात गोष्टीचं मर्म आहे. तिथे टीडस एकटाच असा आहे की ज्याला काय चाललंय ते माहीत नाही. बाकी सगळ्यांना माहीत आहे. हे फक्त त्या नाचापुरतं नाही. तो 'हे सगळं संपलं की' असं काही बोलायला लागला की कॅमेरा बाकीच्यांकडे जातो. त्या वेळी त्यांचे चेहरे बघ. कोण खाली बघतंय, कोण विषय बदलतंय. मी याहून जास्त सांगणार नाही. तूही कुणाला विचारू नकोस, आणि यूट्यूबवर तर मुळीच शोधू नकोस. तिथे व्हिडिओच्या थंबनेलवरच सगळं लिहून ठेवायची लोकांना वाईट खोड आहे.

यूट्यूबवरून आठवलं. तू मला पूर्वी एक क्लिप पाठवली होतीस, टीडस 'हा हा हा हा' करून भयंकर खोटं हसतो ती. 'मामा, हाच का तुझा महान गेम?' असं विचारलं होतंस. ते हसू खोटंच आहे, मुद्दाम खोटं आहे. लुकात बरंच काही घडून गेल्यावर युना त्याला सांगते की वाईट वेळीसुद्धा हसायला शिकायला हवं, आणि तो कसंबसं हसून दाखवतो. मग आणखी मोठ्याने, बेसूर, गाढवासारखा. तीही त्याच्यात मिसळते. बाकीचे बघत राहतात, यांना झालंय काय. आणि त्यानंतर दोघांना जे खरं हसू फुटतं, ते त्या क्लिपमध्ये कापलेलं असतं. जगभर लोकांनी वीस वर्षं त्या अर्ध्या तुकड्याची टर उडवली. ती पोरगी त्या वेळी मनात काय दाबून हसत होती ते पुढे समजलं की तीच क्लिप तुला परत पाठवावीशी वाटेल की नाही, मला सांग.

'लिनिअर आहे, एकच रस्ता आहे' ही तुझी तक्रार मात्र खरी आहे. आधीच्या भागांसारखा नकाशावर मोकाट फिरायचा प्रकार यात नाही. पण ही यात्रा आहे रे. एक मुलगी देवळामागून देऊळ करत पायी निघाली आहे, सोबत सहा रक्षक. यात्रेला रस्ता एकच असतो. कडेला भेटणाऱ्या माणसांशी मात्र बोल, प्रत्येकाशी. काही लोक पुढे तीन-तीन मुक्कामांवर पुन्हा भेटतात आणि त्यांचं काहीतरी झालेलं असतं. अल-बेड या गेममधल्या एका जमातीच्या भाषेची पुस्तकं दिसली की उचल, सव्वीस आहेत, एकेका पुस्तकाने एकेक अक्षर उलगडतं. काही अशा जागी आहेत की जिथे परत जाता येत नाही, म्हणून बघितलं की घे. विजेच्या माळावर दोनशे विजा सलग चुकवायचं एक काम आहे, ते सोडून दे. मी केलं नाही, करणारही नाही. माणसाला दोनशे विजा चुकवण्यापेक्षा बरी कामं असतात.

औषधं वापर. हे मात्र मी हात जोडून सांगतो. पहिल्यांदा गेम संपला तेव्हा माझ्या पिशवीत सगळे एलिक्सर, म्हणजे सगळ्यात जालीम औषधं, जसेच्या तसे. 'पुढे लागतील' म्हणून जपलेले. आजी चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी कपाटात ठेवायची ना, आणि पाहुणे आले की 'अय्या, एवढ्या कशाला' म्हणून पुन्हा साध्याच काढायची, तसं. आणि युना मदतीला बोलावते त्या अगडबंब प्राण्यांचं, एऑनांचंही तेच. बॉस काहीतरी भयंकर करायच्या तयारीत दिसला की एऑन बोलाव, तो वार अंगावर घेतो आणि तुझी माणसं वाचतात. कोणीतरी कामी येण्यासाठीच येतं.

हे मला सांगलीत कळलं, तेही वाईट पद्धतीने. २००७ साल, सेकंडहँड पीएस टू, खोलीत आम्ही तिघे. गागाझेतच्या बर्फाळ डोंगरावर एक बॉस आहे, नाव सांगत नाही, भेटलाच असेल तोवर अनेकदा. तो आधी तुमच्या माणसाला झोंबी करतो, मग त्याच्यावर जीवदान देणारी जादू टाकतो. झोंबीवर औषध उलटं चालतं, म्हणजे जीवदानाने माणूस मरतो! आम्हाला हे समजायला चार पराभव लागले. पाचव्या वेळी पवित्र पाण्याच्या बाटल्या भरून गेलो, झोंबी झाला की लगेच बाटली, मोठा वार येणार दिसलं की एऑन. पाऊण तास. त्याची शेवटची थोडीशी ताकद उरली होती, रांगेत लागोपाठ आमचे दोन चेहरे होते, आणि लोडशेडिंग. ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी गेली! टीव्हीच्या काळ्या काचेत आमची तीन तोंडं दिसली. सेव्ह त्या काळी फक्त सेव्ह स्फिअर नावाच्या ठरावीक जागांपाशीच व्हायचं.

तिघांपैकी एक जण काही न बोलता गच्चीवर निघून गेला. मी मेणबत्ती शोधली. मग आम्ही अंधारात बसून रांग पुन्हा आठवून काढली, कोण कधी आलं, कुठे एक टर्न वाया गेली. वहीच्या मागच्या पानावर लिहूनसुद्धा ठेवलं. वीज रात्री अकराला आली. बारा वाजायच्या आत तो मेला, आणि एक एलिक्सर वापरलं.

तुझ्याकडे ऑटोसेव्ह आहे, लॅपटॉपला बॅटरी आहे, तुला ते सुख मिळणार नाही. ठीक आहे.

एक मात्र लक्षात ठेव. गेम सुरू होतो तेव्हा पियानो वाजत असतो, संगीतकार उएमात्सुंची ती चाल, पडक्या अवशेषांमध्ये शेकोटीभोवती हीच सगळी मंडळी गप्प बसलेली असतात आणि टीडस उठून टेकडीवर जातो. तेव्हा तुला ही मंडळी कोण हेही माहीत नव्हतं. त्या शेकोटीपाशी तू पुन्हा पोहोचशील. पोहोचलास की तिथे लगेच पुढे जाऊ नकोस, सगळ्यांशी बोल, आणि मग मला फोन कर. रात्रीचे तीन वाजले असले तरी कर, मामीचं मी बघतो. ताईला मात्र एवढ्यात कळू देऊ नकोस की सबमिशनच्या आठवड्यात तुला गेम पहिल्यापासून सुरू करायला मी सांगितलं.

तुझा,
मामा