सोरायसिस किंवा कोडावर यूव्ही (अतिनील) लाइट देतात, त्याने त्वचेच्या पेशींचं नेमकं काय होतं?

आजकाल बहुतेक ठिकाणी देतात ती नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे यूव्ही प्रकाशाचा एक अरुंद पट्टा, साधारण ३११ नॅनोमीटरचा. पेशींमधला डीएनए हा प्रकाश शोषून घेतो आणि त्यातले शेजारचे काही दुवे एकमेकांना चिकटतात. पेशीला आधी ती दुरुस्ती करावी लागते, विभाजन थांबतं. सोरायसिसमध्ये वरच्या थराच्या पेशी भरमसाट वेगाने वाढत असतात, त्यामुळे हा ब्रेक तिथे कामाचा. पण माझ्या मते खरा फायदा दुसराच आहे: त्वचेतला दाह पेटता ठेवणाऱ्या टी-पेशी (रोगप्रतिकारक यंत्रणेच्या पेशी) या प्रकाशाने मरतात. चट्टे विरतात ते मुख्यतः त्यामुळे.

कोडात गंमत वेगळी. केसांच्या मुळाशी रंगपेशींचा राखीव साठा असतो. प्रकाशाने त्या जाग्या होतात, वाढतात आणि वर सरकतात. म्हणून पांढऱ्या डागात आधी केसांभोवती तपकिरी ठिपके दिसतात. ओठ, बोटांची टोकं इथे केसच नाहीत, तिथे रंग फारसा परतत नाही. डागातले केस पांढरे झाले असतील तरीही तेच.

आठवड्यातून दोन-तीन वेळा, डोस हळूहळू वाढवत, असे काही महिने चालतं. डोस जास्त झाला तर त्वचा भाजते. डोळ्यांना गॉगल हवाच. उन्हात बसणं हा पर्याय नाही, तिथे डोस मोजता येत नाही. मधल्या काही खेपा चुकल्या तर मशीनवाल्यांना आधी सांगा, ते डोस कमी करून देतात.