हॅमस्टरच्या वाटीत काय घालावं?

या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या वाचकांचे हॅमस्टरच्या खाण्याविषयीचे प्रश्न घेतले आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. घरात जे आवडीनं खाल्लं जातं ते त्यालाही चिमूटभर मिळतं, आणि ती चिमूट आपल्या बोटांची असते.

दुकानातलं बियांचं मिश्रण वाटीत घालतो. सूर्यफुलाच्या बिया तेवढ्या संपतात, बाकीचं तसंच राहतं. वाटी रिकामी दिसली की पुन्हा भरतो. घरी मिश्रण करता येईल का? (विश्रामबाग, सांगली)

येईल, पण आधी वाटी पुन्हा पुन्हा भरणं थांबवा. वाटी रिकामी म्हणजे हॅमस्टर उपाशी, असं नसतं. दाणे दोन्ही गालांच्या पिशव्यांत भरायचे, घरट्यात नेऊन ओतायचे आणि मग सवडीनं खायचे, हा त्याचा स्वभावच आहे. तुम्ही नवीन खाद्य घालता तेव्हा आधीचं बरंचसं भुशाखाली साठलेलं असतं. मग समोर आलेल्या ताज्या घासातून तो फक्त सूर्यफूल वेचतो. सोललेल्या बीमध्ये जवळजवळ निम्मं तेल असतं आणि कॅल्शियम अगदी थोडं. त्यामुळे अंगावर चरबी चढते आणि हाडांना काही मिळत नाही.

सीरियन जातीचा मोठा हॅमस्टर (याच्याच लांब केसांच्या प्रकाराला दुकानदार टेडी बेअर म्हणतात) साधारण १२० ते १५० ग्रॅमचा असतो. त्याला दिवसाला १० ग्रॅम कोरडं खाद्य पुरतं. ३० ते ५० ग्रॅमच्या ड्वार्फला, म्हणजे बुटक्या जातीच्या हॅमस्टरला, ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. ड्वार्फमधला रोबोरोव्हस्की प्रकार २०-२५ ग्रॅमचाच असतो, त्याला त्याहूनही कमी. हॅमस्टर रात्री जागा असतो, म्हणून खाद्य दिवेलागणीला द्या.

एका सीरियन हॅमस्टरसाठी महिन्याचं ३०० ग्रॅम मिश्रण असं करा. निम्मं, म्हणजे १५० ग्रॅम, हॅमस्टरसाठीचं पेलेट (दाबून केलेलं गोळ्यांचं तयार खाद्य) घ्या. पाकिटावर प्रथिनं १६ ते २० टक्के असल्याचं पाहून घ्या. ज्वारी ३० ग्रॅम, बाजरी ३० ग्रॅम, राळा २५ ग्रॅम, साधे ओट्स २० ग्रॅम. भाजलेली मुगाची किंवा मसुरीची डाळ २० ग्रॅम. जवस, लाल भोपळ्याच्या बिया आणि सूर्यफूल मिळून १५ ग्रॅम, त्याच्यावर नाही. सावलीत वाळवलेली मेथी आणि कोथिंबीर १० ग्रॅम. धान्य निवडून एक दिवस उन्हात टाका, पूर्ण गार झाल्यावर सगळं एकत्र करा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. गरम असताना भरलं तर आत वाफ धरते आणि बुरशी येते. एका वेळी महिन्याचंच करा, कारण जवस फुटलेला असेल तर लवकर खवट होतो.

पेलेट गाळून नुसतं धान्य देऊ नका, जीवनसत्त्वं आणि खनिजं त्यातूनच मिळतात. सशाचं पेलेटही चालत नाही. त्यात वाळलेला चारा जास्त आणि हॅमस्टरच्या मानानं प्रथिनं कमी असतात. आठवड्यातून एक-दोनदा उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग हरभऱ्याच्या दाण्याएवढा द्या, मीठ न लावता. जुन्यावरून नव्या मिश्रणावर एकदम जाऊ नका. पहिले तीन दिवस पाव भाग नवं, पुढचे तीन दिवस निम्मं, मग पाऊण, असं करत दहा दिवसांत पूर्ण बदला. एका दिवसात बदल केला की जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाला जुलाब झेपत नाहीत.

आमची घरची ज्वारी-बाजरी आहे. पोत्यातली सरळ दिली तर चालेल का? (खटाव तालुका, सातारा)

धान्य उत्तमच आहे. प्रश्न साठवणीचा आहे. कोठीत पारद टिकड्या, बोरिक पावडर किंवा कीड मारायच्या गोळ्या घातल्या असतील तर त्यातला दाणा हॅमस्टरला देऊ नका. आपण धान्य पाखडतो, धुतो, दळतो, शिजवतो. हॅमस्टर तोच दाणा अंगावरच्या पावडरीसकट गालात तासभर धरून ठेवतो. त्याच्यासाठी नवं धान्य घरात आलं की औषध घालण्याआधीच किलोभर वेगळं काढून डब्यात ठेवा.

त्याहून मोठा धोका पेरणीच्या बियाण्याचा. पिशवीतलं उरलेलं बियाणं "वाया कशाला घालवायचं" म्हणून पाखरांना टाकलं जातं, तसंच ते पिंजऱ्यातही जातं. हे बियाणं बुरशीनाशक आणि कीटकनाशक लावून रंगवलेलं असतं. संशय आला तर चार दाणे ओल्या तळहातावर चोळा. हात गुलाबी, लाल किंवा निळा झाला तर ते बियाणं आहे. हात साबणानं धुवा आणि ती पिशवी घरातल्या धान्याजवळही ठेवू नका.

शाळूचा हुरडा निघतो त्या दिवसांत दहा-बारा कोवळे दाणे जरूर द्या, चटणी-मीठ लागलेले नकोत. बाजरीचं अख्खं कणीस बोटभर तोडून पिंजऱ्यात अडकवलं तर तो ते कुरतडत तास घालवतो. वाटीतल्या दाण्यांपेक्षा हे कितीतरी बरं, कारण खाण्यासाठी त्याला कष्ट पडतात.

तासगावचा बेदाणा घरात कायम असतो. आमचा ड्वार्फ हॅमस्टर तो हातातून घेतो. रोज एकच देतो. (तासगाव)

हा एक बेदाणा काट्यावर ठेवून बघा, साधारण अर्धा ग्रॅम भरेल. तुमचा हॅमस्टर ३५ ग्रॅमचा धरला तर ५० किलोच्या माणसानं रोज सातशे ग्रॅम बेदाणे खाण्यासारखं ते होतं. बेदाण्याचं निम्म्याहून अधिक वजन साखरेचं असतं. ड्वार्फमध्ये, विशेषतः कॅम्पबेल प्रकारात, मधुमेहाची प्रवृत्ती असते. तो पाणी जास्त पितो आहे, भुसा नेहमीपेक्षा ओला राहतो आहे आणि खाऊनही वाळत चालला आहे, अशी लक्षणं दिसली तर लघवीतली साखर तपासायची पट्टी औषधाच्या दुकानात मिळते. ताज्या लघवीत ती बुडवा आणि रंग बदललेली पट्टी पशुवैद्यकांना दाखवा.

दुसरी अडचण चिकटपणाची. बेदाणा, खजूर, गूळ, चिक्की गालाच्या आतल्या त्वचेला चिकटून बसतात. पिशवी रिकामी होत नाही, आत अन्न कुजतं, तोंडाला वास येतो. एका बाजूचा गाल दिवसभरानंतरही फुगलेला असेल आणि तो पंजानं तोंड ओरबाडत असेल तर चिमट्यानं काढायला जाऊ नका, पिशवी फाटते. डॉक्टरांकडेच न्या.

ड्वार्फला फळ देऊच नये, हे आमचं ठाम मत आहे. गाजर आणि मकाही गोडच धरा. सीरियनला आठवड्यातून एकदा वाटाण्याएवढा सफरचंदाचा किंवा स्ट्रॉबेरीचा तुकडा चालेल, सफरचंदाची बी काढून. द्राक्षं न दिलेली बरी, साखरेमुळेही आणि फवारणीमुळेही.

वाघ्या घेवडा भिजत घातला होता, त्यातले दोन दाणे मुलीनं हॅमस्टरला दिले. काही होईल का? घरातलं आणखी काय टाळावं? (कोरेगाव)

कोरेगावच्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, आमटीला तो अप्रतिम. पण तो राजमाच, आणि कोणताही राजमा कच्चा असताना विषारी असतो. त्यातलं लेक्टिन आतड्याचं अस्तर दुखावतं. नुसतं भिजवून ते जात नाही, खळखळून उकळावं लागतं. दाणे गालात किंवा साठ्यात असू शकतात, म्हणून आधी घरटं हळूच उघडून शोधा. सापडले तर काढून टाका. खाल्ले असतील तर पशुवैद्यकांना लगेच फोन करा, लक्षणांची वाट पाहू नका.

कांदा, लसूण, कच्चा बटाटा (हिरवा पडलेला किंवा मोड आलेला तर मुळीच नाही), टोमॅटोची पानं, लिंबू-संत्री, ॲव्होकाडो, चॉकलेट आणि कडू बदाम बंद. भडंगातले चुरमुरे निरुपद्रवी वाटतात, पण त्यांना तेल, तिखट, मीठ आणि लसूण सगळं लागलेलं असतं. कंदी पेढाही नको, साखर आणि खवा दोन्ही बाधतात. शेंगदाणा भाजलेला, बिनमिठाचा, आठवड्यातून अर्धा. सुरकुतलेला, काळपट दाणा बुरशीच्या विषामुळे यकृत खराब करतो. म्हणून जो दाणा आपण खाताना थुंकून टाकू, तो त्याला देऊ नये.

मी सातवीत आहे. कोणत्या भाज्या देऊ? आणि माझा हॅमस्टर भाजी लपवून ठेवतो, ती काढू का? (कराड)

मेथी, कोथिंबीर, काकडी, दोडका, फ्लॉवरचा तुरा यांपासून सुरुवात कर. एका वेळी एकच नवी भाजी दे आणि तीन दिवस लेंड्या बघ. कोरड्या, टणक असतील तर ठीक. सीरियन असेल तर दिवसाला एक चहाचा चमचा बारीक चिरलेली भाजी, ड्वार्फ असेल तर अर्धा. पालक कधीतरी, कोबी अगदी थोडा. भाजी वाहत्या पाण्यात धू आणि फडक्यानं पूर्ण कोरडी कर.

लपवलेली ओली भाजी काढायचीच. संध्याकाळी दिलेली सकाळी शाळेला जाण्याआधी काढ. एप्रिल-मेमध्ये तीन-चार तासांतच ती आंबते. पण कोरडे दाणे तसेच राहू दे. सगळा साठा रोज उपसला तर तो घाबरतो आणि आणखी जास्त साठवायला लागतो. पाण्याच्या बाटलीच्या नळीतली गोळी रोज बोटानं दाबून बघ. ती अडकली की बाटली भरलेली दिसते आणि हॅमस्टर तहानलेला राहतो.

दातांसाठी पेरूची फवारणी नसलेली वाळकी फांदी दे. कण्हेर, रुई, घाणेरी यांची काडीसुद्धा पिंजऱ्यात नको, ही झाडं विषारी आहेत. त्याचे दात पिवळसर नारिंगी दिसतात ते तसेच असतात, घासायला जाऊ नकोस.

दोन महिन्यांच्या पिलाची शेपटीकडची बाजू ओली आहे, खात नाही. घरात मुलांचं अँटिबायोटिक सिरप आहे, थेंबभर देऊ का? (सातारा शहर)

देऊ नका. पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन यांसारखी औषधं हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात, घातक जंतू वाढतात आणि औषधानंच तो दगावतो. ओली शेपटी हा लहान सीरियन पिलांमधला गंभीर आजार आहे, एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. आजच निघा. सरकारी दवाखान्यांत मुख्यतः गाई-म्हशी येतात, म्हणून आधी फोन करून लहान प्राणी पाहतात का ते विचारा. जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करा.

निघेपर्यंत भाजी, फळ, अंडं सगळं काढून घ्या. कोरडं खाद्य आणि पाणी ठेवा. पिल्लू बाटलीपर्यंत जात नसेल तर ड्रॉपरनं ओठांच्या कडेला एकेक थेंब टेकवा, तोंडात पिचकारी मारू नका, पाणी श्वासनलिकेत जातं. डबा उबदार ठेवा. दुसरा हॅमस्टर असेल तर त्याची वाटी आणि बाटली वेगळी करा, हात साबणानं धुवा. कालची आणि आजची लेंडी कागदात घेऊन जा, आणि गेल्या आठवड्यात काय काय खायला दिलं ते लिहून न्या.