आजीचे चरित्र लिहिताना

प्रश्न : आमची आजी वाईला गणपती आळीत राहत असे. गेल्या माघात ती गेली. वर्षश्राद्धाच्या दिवशी तिच्यावरची एक छोटी पुस्तिका नातेवाइकांना द्यावी, असे आम्हा नातवंडांच्या मनात आहे. सर्वांकडून आठवणी मागवल्या, पण ती प्रेमळ, कष्टाळू आणि सुगरण होती, यापलीकडे त्यांत फारसे काही नाही. कागदोपत्री तिची जन्मतारीख १ जून आहे आणि ती घरात कोणालाच खरी वाटत नाही. आजोबा अकाली गेल्यावर आजीने घरोघरी कुरडया-पापड करून देऊन तीन मुले शिकवली. हे मला लिहायचे आहे, परंतु थोरले काका म्हणतात, ‘घरची उणीदुणी छापायची नाहीत.’ कृपया मार्ग सुचवावा.
— एक वाचक, वाई

उत्तर : आपण सोबत पाठवलेले दोन लेख मी वाचले. दोन्ही मनापासून लिहिलेले आहेत, पण त्यांत दुसऱ्या कोणा आजीचे नाव घातले तरी एक शब्दही बदलावा लागणार नाही. आपल्या पत्राच्या शेवटी मात्र आपण सहज लिहून गेला आहात की, कुरडयांचा चीक ढवळताना आजी पदराचे टोक दातांत धरी आणि दारात कोणी आले तरी मान न वळवता ‘बसा’ म्हणे, कारण हात थांबला की चिकात गाठी होत. या एका वाक्यात मला आपली आजी दिसली. पुस्तिकेची सुरुवात येथूनच करावी, आणि नातेवाइकांना पुन्हा पत्र पाठवून एवढेच विचारावे की, आजीला कोणते काम करताना आपण पाहिले आहे, ते जसे पाहिले तसे लिहा.

कुरडयांचे काम तर सविस्तर यायलाच हवे, कारण पुढच्या पिढीला ते ठाऊक नसेल. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, आंबूस वास सुटलेले ते गहू वाटून पिळून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू देऊन वरचे पाणी ओतायचे, पहाटे उठून शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्याने जुन्या लुगड्यावर कुरडया घालून मोकळे व्हायचे. स्वतःच्या घरापुरते हे वर्षातून एकदा करणे वेगळे आणि उन्हाळाभर रोज दुसऱ्याच्या अंगणात करणे वेगळे. शिवाय वाळवणाचा हंगाम होळीनंतर सुरू होतो आणि पावसाच्या तोंडाशी संपतो. उरलेल्या महिन्यांत घर कशावर चालले, दिवाळीचा फराळ, मसाले कांडणे, लग्नघरचा स्वयंपाक यांपैकी तिने काय काय केले, हे आपल्या पत्रात नाही. ते काकांनाच ठाऊक असणार.

म्हणून काकांना विरोधी पक्षात बसवू नका. ते थोरले, तेव्हा डबे पोहोचवायला आणि पैसे मागायला बहुधा तेच गेले असतील. त्या वयात दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याचा संकोच माणूस म्हातारपणापर्यंत विसरत नाही. त्यांच्याजवळ बसून ऐका आणि लिहिलेले छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवा. कोणी पैसे थकवले, कोणी टाकून बोलले, ती नावे वगळा. पण काम वगळू नका. सुगरण या शब्दात हौस दिसते, मजुरी दिसत नाही, आणि आपल्या आजीचे अर्धे आयुष्य मजुरीत गेले आहे. त्यात उणे काहीच नाही, असे मला अगदी मनापासून वाटते, आणि काकांनाही ते असेच सांगावे.

आता जन्मतारीख. शाळा जूनमध्ये सुरू होत, आणि ज्या मुलांची जन्मनोंद नसे त्यांच्या नावापुढे गुरुजी १ जून घालत. म्हणूनच महाराष्ट्रातील असंख्य वृद्धांचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. माहेरच्या गावातील शाळेचे जुने जनरल रजिस्टर पाहता आले तर पाहा, पण तेथे तिचे माहेरचे नाव शोधावे लागेल. लग्नात नाव बदलण्याची रीत होती, त्यामुळे सासरच्या नावाने तेथे काहीच सापडणार नाही. हे माहेरचे नाव पुस्तिकेच्या पहिल्या पानावर यावे, असा माझा आग्रह आहे. बाकीची वर्षे घटनांवरून जुळवता येतील. नवे पैसे १ एप्रिल १९५७ रोजी आले, पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, त्यानंतर १९७२ चा दुष्काळ आला. ‘भूकंपाच्या वेळी तुझा बाप रांगत होता’, असे एखादे वाक्य घरात कोणी ना कोणी ऐकलेले असतेच. एवढे करूनही वर्ष निश्चित झाले नाही, तर ‘सुमारे’ असे लिहावे. १ जून मात्र खरी तारीख म्हणून छापू नये.

तिच्या ओव्या कोणाला येत असतील तर त्याही घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि गाणारीचे नाव व गाव यांनाही त्या संग्रहात जागा मिळाली. आपणही ओवी कोणाकडून मिळाली, ते तिच्याखाली लिहावे.

प्रश्न : माझी आजी नव्वदीत आहे. जुने काही विचारले की ‘त्यात काय सांगायचं’ म्हणून विषय टाळते. काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ‘आयुष्याबद्दल सांग’ म्हटल्यावर कोणालाच बोलता येत नाही. त्यांच्याबरोबर भाजी निवडायला बसा, एखादा अडकित्ता किंवा पितळी डबा पुढे ठेवा आणि तो कोठून आला, एवढेच विचारा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचे असेल तर आधी त्यांना सांगा. जुनी छायाचित्रे दाखवा आणि त्या सांगतील ती नावे प्रत्येकाच्या मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. शाई पुढे उमटते. हे या रविवारीच करावे, कारण मागच्या ओळीत उभ्या असलेल्या त्या दोन वेण्यांच्या मुली कोण, हे सांगू शकणाऱ्या घरात आता बहुधा त्या एकट्याच असतील.