पेशीच्या आत दडलेला विषाणू टी पेशीला कळतो कसा?

अँटिबॉडीवरच्या लेखात एक वाक्य होतं : विषाणू एकदा पेशीत शिरला की अँटिबॉडीचा हात तिथवर पोचत नाही. त्यावर बरेच प्रश्न आले. त्यातले काही इथे घेतो.

प्रश्न : मग आतला विषाणू बाहेरून ओळखतात कसा? टी पेशी (एक प्रकारची पांढरी रक्तपेशी) काही दुसरी पेशी उघडून बघत नाही.

उघडून बघायची गरजच पडत नाही, कारण आत काय चाललंय ते पेशी स्वतःच दाखवत असते. पेशीत प्रथिनं सतत तयार होतात आणि मोडीतही निघतात. प्रोटिआसोम नावाची यंत्रणा त्यांचे तुकडे करते. त्यातले काही तुकडे, साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचे, एमएचसी वर्ग १ नावाच्या रेणूच्या खोबणीत बसवून पृष्ठभागावर नेले जातात. माणसातल्या या रेणूंना एचएलए म्हणतात. शितावरून भाताची परीक्षा, तशी ही सोय. विषाणूला स्वतःची प्रथिनं बनवता येत नाहीत, ती पेशीकडूनच बनवून घ्यावी लागतात. त्यामुळे त्यांचेही तुकडे याच वाटेने वर येतात.

मारक टी पेशी हे तुकडे चाचपत फिरते. प्रत्येकीचा ग्राही, म्हणजे तुकडा ओळखणारा रेणू, वेगळा. शरीराच्या स्वतःच्या तुकड्यांवर धावून जाणाऱ्या बहुतेक टी पेशी थायमस ग्रंथीतच बाद होतात.

यातली खरी खोच १९७४ च्या सुमारास कॅनबेरात उघड झाली. रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांना दिसलं, की विषाणूची लागण झालेल्या उंदराच्या टी पेशी त्याच जातकुळीच्या उंदरांच्या बाधित पेशी मारतात. वेगळ्या एमएचसीच्या उंदराच्या पेशींना मात्र हात लावत नाहीत, त्यांच्यात तोच विषाणू असला तरी. म्हणजे टी पेशीला नुसता विषाणू ओळखू येत नाही. आपल्या एमएचसीच्या खोबणीत बसलेला त्याचा तुकडाच तिला कळतो. १९९६ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

प्रश्न : ‘मारते’ म्हणजे नेमकं काय करते? आणि त्यात स्वतः कशी वाचते?

परका तुकडा सापडला की टी पेशी त्या पेशीला घट्ट चिकटते. मग तिच्या आतल्या विषारी पुटिका सरकत सरकत चिकटलेल्या बाजूला गोळा होतात आणि दोघींमधल्या अरुंद फटीत रिकाम्या होतात. त्यात मुख्यतः दोन गोष्टी असतात, परफोरिन आणि ग्रॅन्झाइम. पुटिकेच्या आत आम्लता असते, तिथे परफोरिन निष्क्रिय राहतं. बाहेर कॅल्शियम मिळालं की ते समोरच्या पेशीच्या पटलाला भोकं पाडतं. त्या वाटेने ग्रॅन्झाइम आत जातं आणि पेशीचीच आत्मनाशाची यंत्रणा चालू करून देतं. कॅस्पेज विकरं जागी होतात, डीएनएचे तुकडे पडतात, पेशी आक्रसते, तिला फुगे येतात. शेवटी उरतात पटलात गुंडाळलेल्या पुड्या. त्या भक्षक पेशी गिळतात. पेशी फुटून आतले विषाणू आजूबाजूला सांडणं यामुळे बरंचसं टळतं.

टी पेशी वाचते, कारण फटीकडच्या बाजूला तिच्या पटलातले मेदाचे रेणू इतके दाटीने रचलेले असतात, की परफोरिनला घुसायला जागा मिळत नाही. काम आटोपलं की ती सुटते आणि पुढच्या पेशीकडे वळते.

हे सुटणंही महत्त्वाचं आहे. काही बाळांमध्ये परफोरिनचं जनुक जन्मतःच बिघडलेलं असतं. त्यांच्या टी पेशी सावजाला चिकटतात, पण मारू शकत नाहीत. मग सुटतही नाहीत आणि रासायनिक हाका मारतच राहतात. भक्षक पेशी बेफाम होतात, ताप उतरत नाही, प्लीहा वाढते. उपचार न झाल्यास हा आजार जीव घेतो.

प्रश्न : विषाणूने तुकडे दाखवणंच बंद पाडलं तर?

पाडतात ना! हर्पीस सिम्प्लेक्स हा विषाणू तुकडे एमएचसीपर्यंत पोचवणारं पेशीतलं दारच अडवतो. पण त्यासाठी दुसरा पहारा आहे, एनके (नॅचरल किलर) पेशींचा. पृष्ठभागावर एमएचसी दिसलं की या पेशींना आवर बसतो. ते नाहीसं झालं की आवर सुटतो. ‘आपलेपणाची खूण गायब’ हाच संशय, ही कल्पना १९८० च्या दशकात स्वीडनच्या क्लास कार्रे यांनी मांडली. एचआयव्हीचं नेफ प्रथिन यावरही तोड काढतं. टी पेशींना प्रामुख्याने तुकडे दाखवणारे एचएलए-ए आणि बी ते पृष्ठभागावरून काढून घेतं, पण एनके पेशींना आवरणारं सी तसंच ठेवतं.

एका वाचकाने बरोबर पकडलं : परिपक्व तांबड्या पेशींवर वर्ग १ चं एमएचसी जवळपास नसतंच, मग एनके पेशी त्यांना का सोडतात? कारण नुसता आवर सुटून भागत नाही, चिथावणीही लागते. ताणाखालच्या किंवा बिघडलेल्या पेशी ठरावीक रेणू वर काढतात, तशी काही खूण तांबड्या पेशीवर नसते. (एमएचसी नसल्यामुळे मारक टी पेशींनाही तांबड्या पेशीच्या आतलं काही दिसत नाही, मलेरियाचा परजीवी तिच्यात ठाण मांडतो, त्यामागे हेही एक कारण.)

प्रश्न : लहानपणी कांजिण्या झाल्या, आता साठीत नागीण. म्हणजे तो विषाणू मेलाच नव्हता?

नव्हता. तो मज्जापेशींत सुप्त राहतो. सुप्तावस्थेत तो प्रथिनं जवळपास बनवतच नाही, म्हणजे दाखवायला तुकडेही नाहीत. शिवाय मज्जापेशी एमएचसी फारच कमी दाखवतात. त्या सहसा नव्याने तयार होत नसल्यामुळे त्यांना सरसकट मारणं परवडणारंही नाही. वयानुसार टी पेशींचा पहारा सैलावला की विषाणू डोकं वर काढतो. नागिणीची लस याचसाठी पन्नाशीनंतर सुचवतात.

प्रश्न : मग कॅन्सरची पेशी सुटते कशी?

पहिली अडचण म्हणजे ती आपलीच असते. तिचे बहुतेक तुकडे ओळखीचे. जनुकीय बदलांमुळे काही तुकडे वेगळे दिसतात, त्यांवर टी पेशी हल्ला करतातही. पण त्यातून तगतात त्या निसटायला शिकलेल्या पेशी. कुणी एमएचसी गमावते, कुणी पीडी-एल१ हा रेणू पुढे करून टी पेशीचा ब्रेक दाबते. टी पेशींचे असे ब्रेक सोडवणारी औषधं निघाली. त्यामागच्या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. काही रुग्णांना त्यांचा गुण विलक्षण येतो, सगळ्यांना नाही.

प्रश्न : प्रतिकारशक्ती वाढवायला काय घ्यावं?

पत्रांमध्ये सर्वाधिक विचारलेला आणि मला सर्वांत कमी आवडणारा प्रश्न. वेळापत्रकाप्रमाणे लस घ्या. बाकी, ‘वाढवणं’ म्हणजे काय ते वरच्या औषधांत दिसतं : ब्रेक सुटल्यावर त्याच टी पेशी काहींच्या आतड्यावर, यकृतावर किंवा थायरॉइडवर चालून जातात आणि त्यांना आवरायला स्टिरॉइड द्यावी लागतात.