सामाईक परिभाषा-यादीत नोंदी कशा लिहाव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात जण मिळून ॲपची मराठी भाषांतरं करता, शब्दांची शीट एकच आहे, पण प्रत्येकाची नोंद लिहायची तऱ्हा वेगळी. मग नियम कोणते ठरवावेत?

मी पुण्यात हेच काम करतो आणि आमच्या शीटची राखण माझ्याकडे आहे. नियम थोडेच ठेवा, पण एकावर अडून बसा: शब्दाच्या रकान्यात फक्त शब्द. तिरकी रेघ, कंस, 'किंवा', प्रश्नचिन्ह, काही नको. मी स्वतः एकदा एका सेलमध्ये 'जतन करा / सेव्ह करा (चर्चा करू)' असं टाइप करून चहाला गेलो. भाषांतराच्या सॉफ्टवेअरने सेल जसाच्या तसा उचलला, घाईत कुणी वाचला नाही आणि चाचणीच्या वेळी बटणावर 'चर्चा करू' झळकलं. चर्चा कुणाशी करायची, असा ग्राहकाचा फोन आला. तेव्हापासून पर्यायांना वेगळा रकाना, शेऱ्यांना वेगळा.

मग एका ओळीत एकच अर्थ. 'चार्ज' घ्या. बँकेच्या ॲपमध्ये ते शुल्क, फोनच्या सेटिंगमध्ये चार्जिंग आणि आपल्या सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रभार. ओळी तीन करा, प्रत्येकीपुढे विषय लिहा. एकाच सेलमध्ये १, २, ३ घालायचा मोह होतो. छापील कोशात ते शोभतं, कारण तिथे माणूस वाचत असतो.

आता मराठीची खास दुखणी. नामापुढे लिंग आणि सामान्यरूप हवंच: 'खाते, न., खात्या-'. हे नसलं की नवा माणूस बेधडक 'खातेमध्ये' लिहून मोकळा होतो. 'पासवर्ड'चं रूप बदलत नाही, तरी 'पासवर्ड-' लिहा; म्हणजे रिकामा रकाना दिसला की भरायचा राहिलाय हे कळतं. 'ईमेल'वरून आमच्यात तट आहेत, ईमेल पाठवला, पाठवली आणि पाठवलं. मला 'पाठवला' बरा वाटतो, पण यादीत जे ठरेल ते मी मुकाट्याने वापरतो. क्रियापद '-णे' लावून लिहा, बटणावरचं आज्ञार्थी रूप शेजारच्या रकान्यात: 'हटवणे', बटण 'हटवा'. आणि इथे मी बोलल्यासारखं लिहितोय म्हणून 'खातं' खपेल, शीटमध्ये मात्र 'खाते'च.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते 'ॲ'ने. 'ॲप' शोधलं तर सापडेना, म्हणून कुणीतरी नवी नोंद केली. मग तिसऱ्याने तिसरी. तिन्ही समोर होत्या! झालं होतं असं, की एकाने 'ॲ' हे सुटं अक्षर टाइप केलं होतं, दुसऱ्याने 'अ'वर चंद्र चढवला होता आणि तिसऱ्याच्या कीबोर्डावर हिंदीतला 'ऍ' होता. पहिले दोन डोळ्यांना सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते निरनिराळे. सुटा 'ॲ' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक कोड-यादीत, २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फायलींत तो नसतोच. आम्ही सुटा 'ॲ' ठरवला आणि बाकीचे दोन शोधून बदलून टाकले. 'दऱ्या'तला अर्धा र असाच दोन तऱ्हांनी टाइप होतो, तोही एकदा तपासा.

अकारविल्हे लावताना निव्वळ कोडांच्या क्रमाने लावलंत तर 'ळ' 'ल'च्या मागोमाग येतो, 'क्ष' 'क'मध्ये घुसतो. आपल्या वर्णमालेत दोन्ही 'ह'नंतर. यावर वाद घालू नका, शोधाची खिडकी आहे. फाइल बाहेर काढताना यूटीएफ-८ (युनिकोडची अक्षरं फायलीत साठवायची पद्धत) निवडा, नाहीतर सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात.

शेवटचा रकाना स्थितीचा: मंजूर, चर्चेत, बाद. बाद झालेली ओळ पुसू नका, का बाद झाली ते लिहून तिथेच राहू द्या. 'अपलोड'ला 'चढवणे' म्हणू या, असं आमच्याकडे दर दिवाळीनंतर कुणीतरी नव्या उत्साहाने सुचवतं. मी फक्त ओळीचा क्रमांक पाठवतो.