ऑरोरावर (ध्रुवांजवळच्या आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशावर) संशोधन करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाचं आयुष्य कसं असतं? त्यात करिअर करावं का?

करावं. पगार-फेलोशिपचं इतर कुणी सांगेल, मला "आयुष्य कसं असतं" हे वाचून राहवलं नाही.

पीएचडीच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी नॉर्वेत ट्रॉम्सोला होते. काम काय, तर कॅमेऱ्याच्या घुमटावरचा बर्फ पुसायचा आणि आत बसून आलेख बघायचे. एका रात्री मॅग्नेटोमीटरची (चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राची) रेघ धाडकन खाली आली आणि मी जाकीट अडकवून बाहेर पळाले. डोक्यावर हिरवा पडदा सळसळत होता, एक घडी पडते न पडते तोच दुसरी. वरचा लाल धुरकट पट्टा मात्र जागचा हलेना. हिरवा पुढे निघून जायचा, लाल मागे रेंगाळायचा. ऑक्सिजनचा अणू हिरवा प्रकाश (५५७.७ नॅनोमीटर) साधारण पाऊण सेकंदात सोडतो आणि लाल (६३०) सोडायला पावणेदोन मिनिटांच्या आसपास घेतो. तेवढ्यात दुसऱ्या कणाची टक्कर झाली की लाल गेला, म्हणून तो २०० किलोमीटरच्या वर, विरळ हवेतच. परीक्षेला पाठ केलेलं त्या रात्री डोळ्यांनी पाहिलं.

आत आल्यावर माझे पीएचडीचे गाइड म्हणाले, "आकाश पर्यटक बघतात. आपण डेटा बघतो." इतकी वर्षं झाली, अजून बोचतं.

नॉर्वेचे भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्तियान बर्कलंड १८९९-१९०० चा हिवाळा तिथल्याच हाल्देच्या डोंगरावर, सुमारे ९०० मीटर उंचीवर राहिले, ते कशासाठी? ऑरोरा बघायलाच ना! त्या मोहिमेत त्यांचा तरुण सहकारी एलिसार बोये हिमस्खलनात गेला. निर्वात पेटीतल्या चुंबकीय गोळ्यावर इलेक्ट्रॉन सोडून त्यांनी ध्रुवांभोवती प्रकाशाची वलयं उमटवली. चुंबकीय रेषांवरून वीज आकाशातून खाली उतरते, हे त्यांचं म्हणणं सिडनी चॅपमनसारख्या मोठ्या गणितज्ञाने मानलं नाही. बर्कलंड १९१७ मध्ये टोकियोत वारले. १९६०च्या दशकात उपग्रहांना ते प्रवाह सापडले, आणि आज त्यांना बर्कलंड प्रवाहच म्हणतात.

म्हणून गाइड निवडताना प्रकाशित पेपर मोजत बसू नका. ऑरोरा शेवटचा कधी बघितलात, एवढं विचारा. उत्तर देताना चेहरा खुलला नाही तर दुसरीकडे जा.

हां, वर्षातले बहुतेक दिवस कोडिंगमध्येच जातात. तिकडे उन्हाळ्यात रात्रच होत नाही, त्यामुळे काही दिसतही नाही. पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांच्या नोकऱ्या करत देश बदलावे लागतात. गणित कच्चं असेल तर या वाटेला जाऊ नका, चॅपमनचं गणित मलाही रोज लागतं.

त्या रात्री लाल किती मागे राहतो ते बघितलं, त्यावरून पुढे वरच्या हवेची घनता काढली. प्रबंधाचं तिसरं प्रकरण तेच आहे.